वाचक विचारतात : क्षारांची नावे आणि त्यांची सूत्रे

मागील अंकातील मिठागरांवरच्या लेखात समुद्राच्या पाण्यातील काही क्षारांची सूत्रे आम्ही दिली होती. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रे मिठाविषयी नसून सूत्रांविषयीच होती, आणि विद्यार्थ्यांइतकीच ती पालकांकडून, बागायतदारांकडून आणि खाणपट्ट्यातील वाचकांकडूनही आली. त्यांतील निवडक पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. त्याआधी एक खुलासा. मूलद्रव्यांची चिन्हे जगभर रोमन अक्षरांत लिहिली जातात आणि वहीत ती तशीच लिहावीत. या सदरात मात्र ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. सूत्रातील आडवी रेघ केवळ धन आयन कोठे संपतो आणि ऋण आयन कोठे सुरू होतो हे दिसावे म्हणून घातली आहे. ती मूळ सूत्राचा भाग नव्हे. नावांमध्ये येणारे रोमन अंकही येथे कंसात शब्दाने दिले आहेत.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. चौथीपर्यंत ती मराठीतून शिकली, आता विज्ञान इंग्रजीतून शिकते. रासायनिक सूत्रांची लांबलचक यादी ती रोज घोकते. परंतु यादीत नसलेले एखादे संयुग, उदाहरणार्थ कॅल्शियम फॉस्फेट, विचारले की तिचे अडते. सूत्रे पाठ न करता लिहिता येतात का? (एक पालक, फोंडा)

उत्तर : येतात. पाठ करायचे ते आयन, सूत्रे नव्हेत. दहा धन आयन आणि दहा ऋण आयन ज्याला त्यांच्या प्रभारांसह ठाऊक आहेत, त्याला शंभर संयुगांची सूत्रे लिहिता येतात; जो शंभर सूत्रे घोकतो, त्याला एकशे एकाव्या सूत्राशी अडखळावे लागते.

आयन म्हणजे प्रभारित अणू किंवा अणूंचा प्रभारित गट. सोडियमचा अणू आपल्या बाह्यतम कवचातील एकुलता एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि त्याच्यावर धन एक प्रभार येतो. क्लोरीनचा अणू एक इलेक्ट्रॉन घेतो आणि ऋण एक प्रभाराचा क्लोराईड आयन होतो. कॅल्शियम दोन इलेक्ट्रॉन देतो, ॲल्युमिनियम तीन देतो, ऑक्सिजन दोन घेतो. आयनिक संयुगावर एकूण प्रभार शून्यच असला पाहिजे, हा या सर्व विषयातील एकमेव खरा नियम आहे आणि बाकीचे सर्व नियम त्याच्यातून निघतात. सूत्र लिहिणे म्हणजे जमा आणि खर्च यांचा मेळ घालणे होय: धन प्रभारांची बेरीज आणि ऋण प्रभारांची बेरीज समान होईपर्यंत दोन्ही बाजूंचे आयन घ्यावयाचे.

आपण विचारलेले कॅल्शियम फॉस्फेटच घेऊ. कॅल्शियम आयनावर धन दोन प्रभार आहे. फॉस्फेट हा एक फॉस्फरस आणि चार ऑक्सिजन मिळून झालेला गट असून त्याच्यावर ऋण तीन प्रभार आहे. दोन आणि तीन यांचा लसावि सहा. सहा धन प्रभारांसाठी तीन कॅल्शियम लागतील, सहा ऋण प्रभारांसाठी दोन फॉस्फेट लागतील. म्हणून सूत्र झाले सीए३-(पीओ४)२. फॉस्फेट भोवतीचा कंस शोभेसाठी नाही. तो काढला तर तळाचा दोन हा अंक फक्त ऑक्सिजनला लागू होतो आणि चाराशेजारी बसून बेचाळीस वाचला जातो. अणूंचा गट एकाहून अधिक वेळा घ्यावयाचा असेल तेव्हाच कंस घालावा; सोडियम हायड्रॉक्साईडमध्ये हायड्रॉक्साईड एकच आहे, म्हणून एनए-ओएच, तेथे कंस नको. चुन्याच्या निवळीत मात्र तो दोनदा आहे, म्हणून सीए-(ओएच)२.

शाळेत यासाठी तिरकस गुणाकाराची पद्धत शिकवतात: एकाच्या संयुजेचा, म्हणजे प्रभाराचा, अंक दुसऱ्याच्या पायाशी लिहायचा आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या. ही युक्ती वाईट नाही, परंतु सगळा भार तिच्यावर टाकणे आम्हांला पसंत नाही, कारण ती केवळ अंकांची अदलाबदल करते आणि विद्यार्थ्याने प्रभार पाहिलेच नाहीत तरी चालून जाते. मॅग्नेशियम ऑक्साईडसाठी ती एमजी२-ओ२ असे उत्तर देते, आणि मग दोन्ही अंकांना दोनने भागून एमजी-ओ करावे लागते. भागायचे विसरणारे विद्यार्थी असतात, तसेच जेथे भागू नये तेथे भागणारेही असतात. दुसऱ्या प्रकाराची उदाहरणे या सदराच्या शेवटी येतील.

आता पाठ काय करावे? धन एक प्रभाराचे सोडियम, पोटॅशियम, चांदी आणि अमोनियम. धन दोनचे मॅग्नेशियम, कॅल्शियम, बेरियम आणि जस्त. धन तीनचा ॲल्युमिनियम. आणि लोह व तांबे यांचे प्रत्येकी दोन प्रकार. ऋण एकचे क्लोराईड, ब्रोमाईड, आयोडाईड, हायड्रॉक्साईड, नायट्रेट आणि हायड्रोजनकार्बोनेट. ऋण दोनचे ऑक्साईड, सल्फाईड, सल्फाईट, सल्फेट आणि कार्बोनेट. ऋण तीनचे नायट्राईड आणि फॉस्फेट. नववी-दहावीसाठी एवढी शिदोरी पुरते. सोडियमसाठी एनए, पोटॅशियमसाठी के, लोहासाठी एफई ही चिन्हे विचित्र वाटतात याचे कारण ती नेट्रियम, कॅलियम आणि फेरम या लॅटिन नावांवरून घेतली आहेत. बर्झेलियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८१३-१४च्या सुमारास अक्षरचिन्हांची ही पद्धत मांडली आणि तीच आजवर टिकली. ही मोजकी चिन्हे तेवढी पाठच करावी लागतात, त्याला इलाज नाही.

प्रश्न : कार्बन डायऑक्साईड म्हणतात, मग कॅल्शियम डायक्लोराईड का म्हणत नाहीत? क्लोरीन तर दोन आहेत. शिवाय ओआरएसच्या पाकिटावर ट्रायसोडियम सायट्रेट असे स्पष्ट छापलेले आहे. नियम नेमका कोणता? (दहावीतील विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : कॅल्शियमचा प्रभार धन दोन आणि क्लोराईडचा ऋण एक हे ठरलेले आहे, त्यामुळे या दोघांचे संयुग एकाच प्रमाणात होऊ शकते. नावात संख्या सांगितली नाही म्हणून काहीही अडत नाही. कॅल्शियम क्लोराईड म्हटले की सीए-सीएल२ हेच सूत्र, दुसरे शक्य नाही. कार्बन आणि ऑक्सिजन यांचे तसे नाही. ते इलेक्ट्रॉन देत-घेत नाहीत, भागीदारीत वापरतात, आणि त्यांचे एकास एक प्रमाणातील संयुग वेगळे व एकास दोन प्रमाणातील वेगळे. पहिले विषारी आहे, दुसरे सोड्याच्या बाटलीत असते. तेथे संख्या सांगणे भागच आहे, म्हणून मोनॉक्साईड आणि डायऑक्साईड.

याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. मिठाच्या खड्यात एक सोडियम आणि एक क्लोरीन यांची सुटी जोडी कोठेच नसते. प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराईड आयन आणि प्रत्येक क्लोराईडभोवती सहा सोडियम, अशी रचना सर्व दिशांना पसरत जाते; १९१३ साली ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ती दाखवून दिली. म्हणून एनए-सीएल हे रेणूचे सूत्र नव्हे, ते केवळ प्रमाण सांगते. पाठ्यपुस्तकांत सोयीसाठी 'मिठाचा रेणू' असे शब्द आढळतात, पण ते काटेकोर नाहीत.

ट्रायसोडियम सायट्रेटविषयी आपण अचूक बोट ठेवले आहे. लिंबातील सायट्रिक आम्लात सोडता येण्याजोगे तीन हायड्रोजन असतात. त्यांतील एकाच्या, दोघांच्या किंवा तिघांच्याही जागी सोडियम येऊ शकतो आणि तीन निरनिराळे क्षार मिळतात. म्हणजे येथे केवळ 'सोडियम सायट्रेट' म्हटल्याने संदिग्धता राहते, आणि जीवनरक्षक पावडरीच्या पाकिटावर संदिग्धता परवडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यासाठी २.६ ग्रॅम सोडियम क्लोराईड, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. यांतील पहिले तीन आयनिक आणि चौथे सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन भागीदारीत वापरणाऱ्या अणूंचे. पोटॅशियम डायक्रोमेटमधील 'डाय' मात्र निराळा आहे. तो पोटॅशियमची संख्या सांगत नाही; ऋण आयनातच क्रोमियमचे दोन अणू आहेत आणि डायक्रोमेट हे त्या संपूर्ण आयनाचे नाव आहे.

प्रश्न : आमच्या भागात जे खनिज निघते ते हेमॅटाईट म्हणून ओळखले जाते आणि मुलांच्या पुस्तकात त्याचे नाव आयर्न (तीन) ऑक्साईड असे आहे. सूत्रात लोहाचे अणू दोन आणि ऑक्सिजनचे तीन. मग कंसातील तीन हा अंक ऑक्सिजनचा आहे का? तसे असेल तर तो लोहाच्या नावापुढे का लिहितात? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : तो अंक ऑक्सिजनचा नाही आणि संख्येचाही नाही. तो लोहाच्या प्रत्येक आयनावरील प्रभार सांगतो. हा गोंधळ फार सार्वत्रिक आहे, कारण काही संयुगांत दोन्ही अंक योगायोगाने जुळतात: आयर्न (तीन) क्लोराईडचे सूत्र एफई-सीएल३ असल्यामुळे कंसातला तीन म्हणजेच तळाचा तीन, असा समज विद्यार्थी करून घेतात, आणि पुढे ऑक्साईडशी गाठ पडली की तो समज कोसळतो.

आपल्या खनिजाचा हिशेब उलट बाजूने करून पाहू. सूत्र एफई२-ओ३. ऑक्साईड आयनाचा प्रभार नेहमी ऋण दोन, म्हणून तिघांचा मिळून ऋण सहा. एकूण शून्य व्हायचे तर दोन लोह आयनांवर मिळून धन सहा हवेत; म्हणजे प्रत्येकावर धन तीन. म्हणून नाव आयर्न (तीन) ऑक्साईड. सूत्रावरून नावाकडे जाताना नेहमी ऋण आयनापासून सुरुवात करावी, कारण त्याचा प्रभार ठरलेला असतो आणि धातूचा प्रभार त्याच्यावरून काढता येतो.

लोहाचाच अंक का लिहायचा आणि कॅल्शियमचा का नाही, याचे उत्तर लोहाच्या स्वभावात आहे. लोह कधी दोन इलेक्ट्रॉन देते, कधी तीन. पूर्वी दोन प्रभाराच्या लोहाला फेरस आणि तीन प्रभाराच्या लोहाला फेरिक म्हणत, आणि औषधांच्या दुकानात लोहाच्या गोळ्यांवर 'फेरस सल्फेट' आजही छापलेले दिसते. त्या पद्धतीत अडचण अशी की शेवटचा 'इक' फक्त जास्त प्रभार सांगतो, किती ते सांगत नाही: फेरिकमध्ये तीन, तांब्याच्या क्युप्रिकमध्ये दोन, कथिलाच्या स्टॅनिकमध्ये चार. प्रत्येक धातूसाठी वेगळे पाठांतर. आल्फ्रेड श्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१९ साली धातूच्या नावापुढे कंसात रोमन अंक लिहिण्याची सूचना केली आणि तो पेच संपला. जस्त नेहमी धन दोन आणि चांदी बहुधा धन एकच असल्यामुळे त्यांच्यापुढे अंक लिहीत नाहीत.

गोव्याच्या खनिजाविषयी बोलायचे तर सगळेच हेमॅटाईट नसते. त्यात गोएथाईट हे पिवळसर तपकिरी खनिजही बऱ्याच प्रमाणात मिसळलेले असते आणि त्याचे सूत्र एफई-ओ(ओएच) असे आहे. येथेही हिशेब करून पाहावा: ऑक्साईडचे ऋण दोन आणि हायड्रॉक्साईडचा ऋण एक मिळून ऋण तीन, म्हणजे लोह पुन्हा धन तीनच. दोन्हींत लोहाचा प्रभार सारखा असला तरी लोहाचे वजनी प्रमाण सारखे नाही. शुद्ध हेमॅटाईटमध्ये लोह सुमारे ७० टक्के भरते, तर शुद्ध गोएथाईटमध्ये सुमारे ६३ टक्के; खनिजाची प्रत सत्तरच्या बरीच खाली का राहते याचे एक कारण या सूत्रातच दडलेले आहे, बाकीचे सिलिका, ॲल्युमिना आणि माती यांच्यात. गोएथाईट तापवले की त्यातील पाणी निघून जाते आणि तांबडे हेमॅटाईट उरते. पिवळसर माती भट्टीत भाजल्यावर कौले तांबडी होतात ती याच कारणाने.

आपल्या पत्रात नसलेला, पण वर्गात हमखास अडवणारा एक प्रश्न येथेच घेतो. मॅग्नेटाईटचे सूत्र एफई३-ओ४ आहे. चार ऑक्साईडचे ऋण आठ. ते तीन लोहांत समान वाटले तर प्रत्येकी पावणेतीनच्या आसपास येतात, आणि अपूर्णांकाचा प्रभार आयनावर असू शकत नाही. याचा अर्थ सूत्र चुकले असा नव्हे. त्या स्फटिकात दोन लोह आयन धन तीनचे आणि एक धन दोनचा असतो. तीन, तीन आणि दोन मिळून आठ. नावही त्याप्रमाणे आयर्न (दोन, तीन) ऑक्साईड असे लिहितात. विद्यार्थ्याला अपूर्णांक आला तर त्याने खोडरबर हाती घेण्याआधी ही शक्यता तपासावी.

प्रश्न : पोफळीच्या बागेत कोळे रोगासाठी दरवर्षी बोर्डो मिश्रण फवारतो. मोरचुदाच्या पिशवीवर 'कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट' असे लिहिलेले आहे आणि सूत्रात मध्येच एक ठिपका आहे. तो गुणाकाराचा समजायचा का? हे निळे खडे तर कोरडे असतात, मग त्यांत पाणी कोठून आले? (एक बागायतदार, सत्तरी)

उत्तर : ठिपका गुणाकाराचा नाही, 'याच्यासोबत' एवढाच त्याचा अर्थ. सूत्र असे आहे: सीयू-एसओ४·५एच२ओ. तांब्याचा धन दोन आणि सल्फेटचा ऋण दोन, म्हणून एकास एक. आणि अशा प्रत्येक जोडीमागे स्फटिकात पाण्याचे पाच रेणू ठरलेल्या जागी बसलेले असतात. यालाच स्फटिकजल म्हणतात. ते ओलाव्यासारखे हाताला लागत नाही, पण मोरचुदाचा खडा तव्यावर तापवला तर वाफ निघते, निळा रंग जातो आणि पांढरी भुकटी उरते. तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले की ती पुन्हा निळी होते आणि चांगलीच गरम होते. हा प्रयोग स्वयंपाकाच्या भांड्यात करू नये आणि उघड्या हवेतच करावा.

'पेंटाहायड्रेट' हा शब्द आपल्या दृष्टीने कामाचा आहे, कारण त्याचा संबंध थेट मापाशी येतो. अणुवस्तुमानांची बेरीज केली तर तांबे ६३.५ भाग, सल्फेट ९६ भाग आणि पाणी ९० भाग, एकूण २४९.५. म्हणजे एक किलो मोरचुदात सुमारे २५५ ग्रॅमच तांबे असते आणि ३६० ग्रॅम पाणी असते. एक टक्का बोर्डो मिश्रणासाठी शंभर लिटर पाण्यास एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना हे जे प्रमाण आपण वापरता, ते या पाणीदार खड्यांसाठीच सांगितलेले आहे. कोणी निर्जल कॉपर सल्फेट दिले आणि तेही किलोभरच घातले, तर तांबे दीडपटीहून अधिक पडेल.

मिश्रणात काय घडते तेही आयनांच्या भाषेत सांगता येते. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साईड, सीए-ओ. पाण्यात विरवला की कॅल्शियम हायड्रॉक्साईड. त्यात मोरचुदाचे पाणी हळूहळू ढवळत ओतले की तांब्याचे आयन हायड्रॉक्साईडशी जोडले जाऊन न विरघळणारा निळा साका तयार होतो आणि तोच घडावर चिकटून पावसात टिकतो. चुना कमी पडला तर तांबे मोकळे राहते आणि कोवळ्या भागांना इजा करते. जुने बागायतदार मिश्रणात चाकूचे स्वच्छ पाते बुडवून पाहतात, ते याच कारणासाठी: पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, आणखी चुना घालावा. पात्यातील लोह द्रावणात आयन होऊन उतरते आणि द्रावणातील तांबे धातू होऊन पात्यावर बसते. म्हणूनच हे मिश्रण लोखंडी पिंपात करीत नाहीत.

मिठागरांवरच्या लेखात जिप्समचा उल्लेख होता, त्याच्याही सूत्रात असाच ठिपका आहे: सीए-एसओ४·२एच२ओ. खाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन होत असता मिठाच्या आधी ते तळाशी बसते.

प्रश्न : सल्फाईड, सल्फाईट, सल्फेट यांत फरक कसा ध्यानात ठेवायचा? आणि विहिरीत टाकतात त्या ब्लीचिंग पावडरचे सूत्र पुस्तकागणिक वेगळे का दिसते? (एक शिक्षिका, पेडणे)

उत्तर : शेवट 'आईड' असेल तर बहुधा एकट्या मूलद्रव्याचा आयन, हायड्रॉक्साईड आणि सायनाईड हे त्याला ठळक अपवाद. शेवट 'आईट' किंवा 'एट' असेल तर त्यात ऑक्सिजन आहे, आणि 'एट'मध्ये तो 'आईट'पेक्षा अधिक आहे. सल्फाईट एसओ३, सल्फेट एसओ४. दोघांचाही प्रभार ऋण दोनच. नायट्राईट एनओ२, नायट्रेट एनओ३. दोघांचाही ऋण एक. 'एट' म्हणजे चार ऑक्सिजन असा सरसकट नियम मात्र विद्यार्थ्यांना सांगू नये, नायट्रेट आणि कार्बोनेट तो लगेच मोडतात. प्रत्ययांची ही व्यवस्था १७८७ साली लाव्हाझिए, गिटों द मोर्व्हो, बर्थोले आणि फुर्क्रवा यांनी मिळून मांडलेल्या नामकरणपद्धतीतून आली आहे.

क्लोरीनच्या बाबतीत दोन शेवट पुरत नाहीत, कारण ऑक्सिजनसह त्याचे चार आयन होतात. एक ऑक्सिजन असलेला हायपोक्लोराईट, दोनचा क्लोराईट, तीनचा क्लोरेट, चारचा परक्लोरेट. चौघांवरही ऋण एक. आपल्या ब्लीचिंग पावडरमध्ये हायपोक्लोराईट असतो. जुन्या पुस्तकांत तिचे सूत्र सीए-ओसीएल२ असे देतात, आणि तेथे तळाचा दोन दोन्ही क्लोरीन एकसारखे असल्याचा भास निर्माण करतो. वास्तविक त्या सूत्राचा अर्थ एक कॅल्शियम, एक हायपोक्लोराईट आणि एक क्लोराईड असा आहे: धन दोन, ऋण एक, ऋण एक. नव्या पुस्तकांतील सीए-(ओसीएल)२ हे सूत्र कॅल्शियम हायपोक्लोराईटचे असून जंतुनाशक काम करणारा घटक तोच. बाजारातील पावडर म्हणजे या क्षारांचे चुन्यासह झालेले मिश्रण असते, म्हणून कोणतेही एक सूत्र तिचे पूर्ण वर्णन करीत नाही. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकातील सूत्र लिहिण्यास सांगावे आणि वर्गात दुसरेही समजावून द्यावे, असे आम्ही सुचवू.

प्रश्न : पाकिटातील मिठावर 'आयोडीनयुक्त' असे लिहितात. त्यात आयोडीनच असते का? आणि मिठागरातील जाडे मीठ पावसाळ्यात अधिक का पाझरते? (एक गृहिणी, म्हापसा)

उत्तर : मूलद्रव्य आयोडीन नसते. आपल्या देशात त्यासाठी पोटॅशियम आयोडेट, म्हणजे के-आयओ३, वापरतात. आयोडाईडही चालले असते, परंतु दमट हवेत त्याचे हळूहळू आयोडीन होऊन ते उडून जाते. आयोडेट अधिक टिकाऊ आहे. ग्राहकाच्या हाती पडताना मिठात दर किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे अशी अपेक्षा असते, आणि आयोडेटमध्ये आयोडीनचा वाटा सुमारे ५९ टक्के असल्यामुळे तेवढ्यासाठी सुमारे २५ मिलिग्रॅम आयोडेट लागते.

जाडे मीठ पाझरते ते मुख्यतः त्यात राहून गेलेल्या मॅग्नेशियम क्लोराईडमुळे. एमजी-सीएल२ हा क्षार हवेतील बाष्प फार लवकर ओढून घेतो. मात्र आपल्या आषाढ-श्रावणातील हवेत शुद्ध मीठसुद्धा ओलसर होते, तेव्हा सगळा दोष मिठागराला देऊ नये.

प्रश्न : मी लिहिलेली पाच सूत्रे तपासून द्यावीत. अमोनियम सल्फेट एनएच४-एसओ४. टिन (चार) ऑक्साईड एसएन२-ओ४. सोडियम पेरॉक्साईड एनए-ओ. मर्क्युरी (एक) क्लोराईड एचजी-सीएल. पोटॅशियम परमँगनेट के-एमएनओ४. (नववीतील विद्यार्थिनी, काणकोण)

उत्तर : पहिल्यात अमोनियमचा धन एक आणि सल्फेटचा ऋण दोन आहे, म्हणून अमोनियम दोन हवेत आणि गट दोनदा येत असल्यामुळे कंसही हवा: (एनएच४)२-एसओ४. दुसऱ्यात तिरकस गुणाकार बरोबर केला आहे, फक्त दोनने भागायचे राहिले, उत्तर एसएन-ओ२.

तिसऱ्यात आणि चौथ्यात नेमके उलटे झाले आहे, भागू नये तेथे भागले आहे. पेरॉक्साईड हा ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना जोडून झालेला आयन असून दोघांवर मिळून ऋण दोन प्रभार असतो. तो आयन मधोमध तोडता येत नाही, म्हणून सूत्र एनए२-ओ२ असेच ठेवावे. पारा धन एक प्रभाराचा असतो तेव्हा तोही जोडीनेच असतो: दोन अणू परस्परांना जोडलेले आणि जोडीवर मिळून धन दोन. म्हणून एचजी२-सीएल२. अंक भागून लहान करायचे ते सुट्या आयनांच्या संख्येचे. आयनाच्या पोटातील अणूंचे नव्हे.

पाचवे सूत्र बरोबर आहे. मँगनीजचे अनेक प्रभार असतानाही नावात रोमन अंक आला नाही, कारण परमँगनेट हे एमएनओ४ या संपूर्ण गटाचे नाव आहे आणि त्याच्यावर ऋण एक प्रभार असतो. त्याच पाच अणूंच्या गटावर ऋण दोन प्रभार असला तर त्याला मँगनेट म्हणतात आणि पोटॅशियम दोन लागतात, के२-एमएनओ४. परमँगनेटचे द्रावण जांभळे दिसते, तर मँगनेटचे हिरवे.